पीएलसीतला पत्ता: सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि एक वही

कोकणात जमिनीचा व्यवहार करायचा तर मालकाचं नाव पुरत नाही. सातबारा काढावा लागतो, सर्व्हे नंबर बघावा लागतो आणि त्यातला हिस्सा कितवा तेही बघावं लागतं. एकाच सर्व्हे नंबरात आठ भावांचे आठ हिस्से असतात. हद्दीचा दगड एक हात सरकला, तर दोघांचे माड एकाच मातीत उभे राहतात आणि दोघांनाही वाटतं की जमीन आपलीच.

पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक. त्याची मेमरी अगदी अशीच आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून लोटे परशुराम, महाड, रोहा किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नव्यानं लागलेली मुलं माझ्याकडे येतात. लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची शिडीसारखी चित्रभाषा, त्यांना येतं. कॉन्टॅक्ट, कॉइल, टायमर सगळं पाठ असतं. अडतात ती पत्त्यावर. एम २०.० आणि एमडब्ल्यू २० यांचा एकमेकांशी काय संबंध, हे विचारलं की गप्प होतात. म्हणून हा लेख, जसा मी समोर बसवून शिकवतो तसाच. पत्त्यातली अक्षरं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. स्क्रीनवर तीच रोमन लिपीत दिसतील.

लॅपटॉप उघडण्याआधी दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर पीएलसीचा पूर्ण मॉडेल नंबर लिहा, त्याच्या अंगावरच्या लेबलवरून बघून. कोणी सांगितलेला नव्हे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत पत्त्यांची पद्धत वेगळी असू शकते.

पहिलं काम: तुमच्या पीएलसीची अक्षरं ओळखा

सीमेन्समध्ये आय म्हणजे इनपुट, क्यू म्हणजे आउटपुट आणि एम म्हणजे आतली मेमरी, जिला बाहेरची कुठलीही वायर लागत नाही. त्याशिवाय डीबी म्हणजे डेटा ब्लॉक. जुन्या आयात यंत्रांच्या ड्रॉइंगमध्ये इ ०.० आणि ए ०.० असं दिसलं तर घाबरू नका. ती जर्मन अक्षरं आहेत. इ म्हणजे इनपुट, ए म्हणजे आउटपुट. एम हे अक्षरही जर्मन ‘मेर्कर’ या शब्दावरूनच आलंय, म्हणजे खूण लक्षात ठेवणारा.

मित्सुबिशी आणि डेल्टामध्ये एक्स म्हणजे इनपुट, वाय म्हणजे आउटपुट, एम म्हणजे आतला बिट आणि डी म्हणजे सोळा बिटांचं रजिस्टर. आपल्याकडच्या लहान यंत्रांत डेल्टा खूप सापडतो, त्यामुळे ही अक्षरं लवकर तोंडात बसतात. ॲलन-ब्रॅडलीच्या एसएलसी ५०० आणि मायक्रोलॉजिक्समध्ये मेमरी फायलींत वाटलेली असते. बी३ बिटांची फाईल, टी४ टायमरची, सी५ काउंटरची, एन७ पूर्णांकांची. तिथे बी३:०/५ म्हणजे तिसऱ्या फायलीतल्या शून्याव्या वर्डचा पाचवा बिट.

एका कंपनीचं पाठ करून दुसरीवर जाऊ नका. सीमेन्सच्या एम १० नंतर टिंब आणि बिटचा नंबर नसेल तर तो पत्ता अपुरा. डेल्टाचा एम १० मात्र पूर्ण पत्ता आहे, एकच बिट.

बिट, बाइट, वर्ड: इथे घाई करू नका

या भागाला मी नव्या मुलांचे दोन दिवस देतो.

सीमेन्सचा आय ०.३ घ्या. टिंबाआधीचा शून्य हा बाइटचा नंबर, म्हणजे आपला सर्व्हे नंबर. टिंबानंतरचा तीन हा बिटचा नंबर, म्हणजे हिस्सा. प्रत्येक सर्व्हे नंबरात बरोबर आठच हिस्से आणि ते शून्यापासून सातपर्यंत. आय ०.७ नंतर आय १.० येतो. आय ०.८ नावाची जागाच नाही. एस७-१२०० मधला १२१४सी सीपीयू बघा. त्याला अंगचे चौदा डिजिटल इनपुट आहेत, ते आय ०.० ते आय ०.७ आणि पुढे आय १.० ते आय १.५ असे. दहा आउटपुट आहेत, ते क्यू ०.० ते क्यू ०.७ आणि मग क्यू १.०, क्यू १.१.

एका बिटात फक्त हो किंवा नाही मावतं. मोटर चालू की बंद, टाकी भरली की नाही. आकडा ठेवायचा तर बिट एकत्र बांधावे लागतात. आठ बिटांचा बाइट, त्यात ० ते २५५ मावतं. दोन बाइटांचा वर्ड, सोळा बिट. ऋण आकडे लागत नसतील तर ० ते ६५५३५, लागत असतील तर उणे ३२७६८ ते ३२७६७. चार बाइटांचा डबल वर्ड, बत्तीस बिट.

आता नीट वाचा. एमबी म्हणजे एम मेमरीतला बाइट, एमडब्ल्यू म्हणजे वर्ड, एमडी म्हणजे डबल वर्ड. एमडब्ल्यू २० ही एमबी २० आणि एमबी २१ यांच्यापासून वेगळी जागा नाही. तेच दोन बाइट एकत्र धरले की त्यांना एमडब्ल्यू २० म्हणतात. एमडी २० म्हणजे एमबी २०, २१, २२ आणि २३ हे चारही. सातबारा वेगवेगळे काढलेत तरी जमीन तीच. एमडब्ल्यू २० नंतर मोकळा वर्ड एमडब्ल्यू २१ नव्हे, एमडब्ल्यू २२. एमडब्ल्यू २१ मध्ये एमबी २१ येतो आणि तो आधीच्याच्या ताब्यात आहे.

दुसरी गोष्ट, सीमेन्समध्ये वर्डचा मोठा भाग लहान नंबरच्या बाइटात बसतो. एमडब्ल्यू २० मध्ये १ लिहिलात तर तो १ एम २०.० मध्ये दिसणार नाही, एम २१.० मध्ये दिसेल. एमबी २० मध्ये दोनशे छप्पन्नच्या पटीतला भाग असतो. हे उलटं वाटतं. वहीत दोन चौकटी काढा, डावीकडे एमबी २०, उजवीकडे एमबी २१, आणि प्रत्येकीत आठ खाने पाडा. ५, २५५, २५६ आणि ३०० हे आकडे त्या खान्यांत हातानं भरा. एकदा हातानं भरलेत की कायमचं डोक्यात बसतं.

मित्सुबिशी आणि डेल्टाच्या डी रजिस्टरमध्ये ही अडचण थोडी कमी, कारण डी १०० हा मुळातच सोळा बिटांचा आणि डी १०१ हा त्याचा स्वतंत्र शेजारी. पण बत्तीस बिटांचा आकडा डी १०० मध्ये टाकलात की तो डी १०१ सुद्धा व्यापतो आणि तिथे लहान भाग डी १०० मध्ये, मोठा भाग डी १०१ मध्ये. म्हणजे सीमेन्सच्या उलट.

दोनशे छप्पन्नावी लादी

हे मी इतकं घोळवून का सांगतोय, त्यामागे एक रात्र आहे.

बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी पॅनेल केलं होतं. ब्राइनच्या, म्हणजे थंड खाऱ्या पाण्याच्या, टाकीतून कॅन निघतात, उलटतात, लादी घरंगळत बाहेर येते आणि तिथला प्रॉक्सिमिटी सेन्सर ती मोजतो. मोजणी मी एमडब्ल्यू २० मध्ये ठेवली होती आणि रोज सकाळी ती शून्य व्हायची. होड्यांना बर्फाचा चुरा लागतो, त्यासाठी क्रशर होता. त्याच्या ऑटो चालू होण्याचा बिट मी सेट-रिसेट पद्धतीनं, म्हणजे एकदा १ झाला की मुद्दाम ० करेपर्यंत तसाच राहील असा, एम २०.० वर ठेवला. तेव्हा मला दोन्ही वेगळ्या जागा वाटल्या. एकात वर्ड, दुसऱ्यात बिट, नावंही वेगळी.

चाचणी झाली, सगळं व्यवस्थित. जून-जुलैत मासेमारी बंद, बर्फाला गिऱ्हाईक कमी, दिवसाला शंभरसुद्धा लाद्या निघत नव्हत्या. ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या, मागणी वाढली आणि एका रात्री दोनच्या सुमारास तिथल्या ऑपरेटर काकांचा फोन आला.

“अरे, क्रशर आपोआप सुरू झाला बघ. मी बटणाला हातसुद्धा लावला नाय.”

“काका, आधी मेन बंद करा. क्रशरजवळ कुणाला जाऊ देऊ नका. मी निघतोच.”

“मेन कधीच पाडला. तू सावकाश ये, पाऊस आहे.”

कुणाला इजा झाली नाही. क्रशरच्या झाकणाचा लिमिट स्विच थेट कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या, कॉइलच्या वायरीत घातलेला होता. झाकण उघडं असतं तर पीएलसीनं कितीही सांगितलं तरी कॉन्टॅक्टर ओढलाच नसता. त्या एका वायरीसाठी मी अजूनही कृतज्ञ आहे. माणसाच्या जिवाचा इंटरलॉक मेमरीतल्या बिटावर कधीही सोपवू नका, तो वायरीत असला पाहिजे.

सकाळपर्यंत मी लॅडर चाळत बसलो आणि सगळ्या ओळी बरोबर निघाल्या. कोडं काकांच्या वहीनं सोडवलं. ते प्रत्येक पन्नास लाद्यांना एक खूण करतात. त्या रात्रीच्या पाच खुणा आणि पुढे सहा उभ्या रेघा. पाच पन्नासं अडीचशे आणि सहा, दोनशे छप्पन्न. २५५ पर्यंत मोजणी एमबी २१ मध्येच मावत होती, आठही खाने एकनं भरलेले. पुढची लादी आली, एमबी २१ शून्य झाला आणि हातचा एक एमबी २० च्या पहिल्या खान्यात गेला. तो खाना म्हणजेच एम २०.०. क्रशरला वाटलं, कुणीतरी चालू कर म्हणालं.

पीएलसीनं एकही एरर दिला नव्हता. देणारही नाही. त्याच्या दृष्टीनं तुम्ही वर्डही वापरू शकता आणि त्याच जागेतला बिटही. कधी कधी ते मुद्दाम करावंही लागतं. हद्दीचा दगड कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं, ते आपल्याच वहीत असावं लागतं.

वहीतला नकाशा

म्हणून प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्याआधी पत्त्यांचा नकाशा तयार करा. माझी पद्धत अशी: एम मेमरीत बिट एका पट्ट्यात, आकडे दुसऱ्या पट्ट्यात, मध्ये मोकळं रान. उदाहरणार्थ एमबी १० ते एमबी ४९ फक्त बिटांसाठी, एमबी १०० च्या पुढे वर्ड, एमबी २०० च्या पुढे डबल वर्ड. वर्ड नेहमी सम नंबरवर, डबल वर्ड चारनं भाग जाणाऱ्या नंबरवर. हा नियम पाळला की एकावर एक चढायची शक्यता जवळपास संपते. शिवाय प्रत्येक पट्ट्यात थोडी जागा सोडा. मालक सहा महिन्यांनी अजून एक पंप लावणार हे धरून चाला.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं (एनसी म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेला कॉन्टॅक्ट; रिअल म्हणजे दशांश आकडा):

आय ०.० – इमर्जन्सी स्टॉप, एनसी, ठीक असताना १
आय ०.१ – कॉम्प्रेसर ओव्हरलोड ट्रिप, एनसी
आय ०.२ – ब्राइन टाकीचा फ्लोट, पातळी कमी झाली की ०
आय ०.३ – लादी मोजणारा प्रॉक्सी
क्यू ०.० – कॉम्प्रेसर कॉन्टॅक्टर के१
क्यू ०.१ – ढवळणीची मोटर के२
एम १०.० – ऑटो मोड
एम १०.१ – क्रशर ऑटो
एमडब्ल्यू १०० – आजच्या लाद्या
एमडब्ल्यू १०२ – मोकळा
एमडी २०० – ब्राइनचं तापमान, रिअल

‘ठीक असताना १’ हा शेरा विसरू नका. स्टॉपचं बटण, ट्रिप, कमी पातळी हे सगळे एनसी ठेवायचे, म्हणजे खाऱ्या हवेनं टर्मिनल गंजून वायर सुटली तरी यंत्र थांबेल, चालू राहणार नाही. आपल्याकडे तर टर्मिनलवर हिरवट बुरशी चढायला एक पावसाळा पुरतो. पण त्यामुळे पत्त्यावरची किंमत आणि माणसाची भाषा उलटी होते. बटण दाबलं की ०. वहीत लिहिलं नाही तर पुढचा माणूस चुकतो.

वायरच्या टोकावरच्या फेरूलवरही पत्ता छापा. आय ०.३ ची वायर म्हणजे फेरूलवर तेच. गणपतीला तुम्ही गावी गेलेले असाल आणि कारखान्यात दुसराच कुणी उभा असेल, तेव्हा त्याला तुमचा फोन लागला नाही तरी चालेल.

राखीव जागा आणि आठापर्यंत मोजणं

एस७-१२०० मध्ये क्लॉक मेमरी चालू केलीत तर ती आपोआप एमबी ० घेते आणि सिस्टिम मेमरी एमबी १. मग एम ०.५ सेकंदाला एकदा लुकलुकतो, एम ०.० सेकंदाला दहा वेळा, एम १.० फक्त पहिल्या स्कॅनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या पहिल्या फेरीला, १ असतो आणि एम १.२ कायम १. नवा माणूस उत्साहानं पहिली मोटर एम ०.० वर लॅच करतो आणि कॉन्टॅक्टर मशीनगनसारखा खडखडायला लागतो. म्हणूनच माझा नकाशा एमबी १० पासून सुरू होतो.

मित्सुबिशी एफएक्स मालिकेत एम ८००० पासून पुढचे बिट राखीव: एम ८००० रनमध्ये कायम चालू, एम ८००२ पहिल्या स्कॅनची पल्स, एम ८०१३ एका सेकंदाची लुकलुक. डेल्टा डीव्हीपीमध्ये हेच एम १०००, एम १००२ आणि एम १०१३. डेल्टावर काम करणाऱ्यानं एम १००० च्या पुढे स्वतःचे बिट ठेवण्याआधी मॅन्युअल उघडलंच पाहिजे.

मोजण्याची पद्धतही बघा. एफएक्स आणि डीव्हीपीमध्ये एक्स आणि वाय आठांनी मोजतात. एक्स ७ नंतर एक्स १०. एक्स ८ आणि एक्स ९ नाहीतच. सोळा इनपुटांचा शेवटचा इनपुट एक्स १७ असतो, एक्स १५ नव्हे. पण त्याच पीएलसीत एम आणि डी आपल्या नेहमीच्या दहांनी मोजतात. मित्सुबिशीच्या क्यू मालिकेत एक्स-वाय सोळांनी, एक्स ९ नंतर एक्स ए, मग एक्स एफपर्यंत, आणि पुढे एक्स १०.

एक वायर धरून चाला

नकाशा झाला की त्याची खातरजमा करा, एकेक वायर धरून. कॉम्प्रेसर आणि मोटरचे आयसोलेटर बंद, कंट्रोल सप्लाय चालू. फ्लोट हातानं वर उचला. पीएलसीवरच्या आय ०.२ चा दिवा बघा. मग लॅपटॉपवर वॉच टेबलमध्ये तोच पत्ता टाकून किंमत बदलते का बघा. दिवा लागला पण वॉच टेबलमध्ये काही हललं नाही, तर पत्ता चुकलाय किंवा लॅपटॉप भलत्याच पीएलसीला जोडलाय. दिवाच लागला नाही तर चूक वायरीत आहे. मल्टिमीटर घ्या, प्रोग्रॅमला हात लावू नका. बरोबर निघालं की वहीत त्या ओळीसमोर टिक करा. चौदा इनपुट म्हणजे चौदा टिका, एकही सोडायचा नाही.

इथेच स्कॅनचं थोडं कळून घ्या. पीएलसी आधी सगळ्या इनपुटांची किंमत उचलून आपल्या मेमरीत ठेवतो, मग प्रोग्रॅम वरून खाली चालवतो आणि शेवटी आउटपुटांची किंमत बाहेर सोडतो. आय ०.३ म्हणजे आत्ता या क्षणीची वायर नव्हे, स्कॅनच्या सुरुवातीला काढलेला तिचा फोटो. त्यामुळेच क्यू ०.० ची कॉइल दोन ठिकाणी लिहिलीत तर खालची जिंकते, वरची बरोबर असूनही कॉन्टॅक्टर ओढत नाही. एका आउटपुटला एकच कॉइल ठेवा.

सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या सॉफ्टवेअरमध्ये असाइनमेंट लिस्ट नावाचा तक्ता मिळतो. कुठला बाइट बिटांनी वापरलाय, कुठला वर्डनं, हे तो चौकटींत दाखवतो. एकाच ओळीत बिटाच्या खुणा आणि वर्डची रेघ दोन्ही दिसल्या की थांबा. माझी एमबी २० ची ओळ तशीच होती, मी फक्त तो तक्ता उघडला नव्हता. आता यंत्र चालू करण्याआधी मी तो उघडतोच.

तापमान कुठून येतं

ॲनालॉग इनपुटला, म्हणजे तापमानासारखी कमीजास्त होणारी किंमत आणणाऱ्या इनपुटला, बिट नसतो, पूर्ण वर्ड असतो. १२१४सीचे अंगचे दोन ॲनालॉग इनपुट आयडब्ल्यू ६४ आणि आयडब्ल्यू ६६. पुन्हा दोनच्या उडीनं. ते फक्त ० ते १० व्होल्ट घेतात. ४ ते २० मिलिअँपिअरचा ट्रान्समीटर असेल तर त्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं आणि त्याला कुठला पत्ता मिळालाय ते हार्डवेअर कॉन्फिगरेशनमध्ये बघून वहीत उतरवायचं.

सीमेन्समध्ये ४ मिलिअँपिअरला ० आणि २० ला २७६४८ हा आकडा येतो. समजा ब्राइनच्या ट्रान्समीटरची रेंज उणे ५० ते अधिक ५० अंश आहे आणि वर्डमध्ये ११०५९ दिसतोय. ११०५९ भागिले २७६४८ म्हणजे ०.४. रेंज शंभर अंशांची, त्याचे चाळीस, खालून मोजायचे: उणे ५० अधिक ४०, म्हणजे उणे १० अंश. ब्राइनसाठी हे बरोबर वाटतं. मल्टिमीटर मालिकेत लावून खात्री करा, ४ अधिक १६ चे ०.४ पट, म्हणजे १०.४ मिलिअँपिअर दिसले पाहिजेत. हा हिशेब एकदा कागदावर करणाऱ्याला पुढे स्केलिंगचे ब्लॉक सोपे जातात.

आकड्याची जागा मोठी आहे ना, हेही बघा. कॉम्प्रेसर किती वेळ चालला हे सेकंदांत मोजून ते साध्या सोळा बिटांत साठवलंत, तर ३२७६७ सेकंदांनी, म्हणजे ९ तास ६ मिनिटं ७ सेकंदांनी, जागा संपते. एफएक्समध्ये आयएनसी या सूचनेनं एकेक वाढवत असाल तर पुढचा आकडा उणे ३२७६८. दिवसा चाचणी घेतलीत तर सापडणार नाही, रात्रपाळीत सापडेल. अशा मोजणीला डबल वर्डच द्या.

लाईट गेली तर काय उरतं

पावसाळ्यात आपल्याकडे फांदी तारेवर पडली की वीज गेलीच. तेव्हा कुठला पत्ता टिकायला हवा आणि कुठला मिटायला हवा, हे तुम्ही ठरवायचं.

एस७-१२०० मध्ये एम मेमरी आपोआप टिकत नाही. टॅग टेबलमध्ये, म्हणजे पत्त्यांना दिलेल्या नावांच्या यादीत, रिटेनचं (टिकवून ठेवण्याचं) बटण आहे, तिथे एमबी ० पासून किती बाइट टिकवायचे तेवढं सांगता येतं, मधलाच तुकडा निवडता येत नाही. माझ्या नकाशात आकडे एमबी १०० च्या पुढे आहेत. ते टिकवायचे म्हटले तर खालचे बिटही टिकतील. मग वीज परत आल्यावर क्रशर ऑटोचा बिट जसाच्या तसा १. त्यापेक्षा टिकवायचे आकडे डेटा ब्लॉकमध्ये ठेवावेत आणि तिथे रिटेनची खूण करावी. एम मेमरी मिटू द्यावी.

एफएक्स३यूमध्ये हे पत्त्यावरच ठरतं. मूळ सेटिंगनुसार एम ० ते एम ४९९ वीज जाताच मिटतात, एम ५०० पासून पुढचे टिकतात. डी ० ते डी १९९ मिटतात, डी २०० पासून टिकतात. म्हणजे लाद्यांची मोजणी डी १० वर ठेवलीत तर गेली, डी २१० वर ठेवलीत तर राहिली. ते टिकतं बॅटरीच्या जिवावर, म्हणून बॅटरीचा दिवा लागलाय का ते दर महिन्याला बघायचं. मोटर चालू ठेवणारा लॅच मात्र टिकणाऱ्या पट्ट्यात कधीच नको. वीज आल्यावर यंत्र माणसाच्या हातानंच सुरू झालं पाहिजे.

दुसऱ्या यंत्राला पत्ता सांगताना

पीएलसीतला आकडा एचएमआयवर (ऑपरेटरसमोरच्या स्क्रीनवर) किंवा स्काडावर (सगळ्या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या संगणकावर) न्यायचा असतो, तेव्हा बहुतेक वेळा मॉडबसची, म्हणजे यंत्रांच्या आपसात बोलायच्या भाषेची, गाठ पडते. मॉडबस मॉडिकॉन कंपनीनं १९७९ साली आणला आणि त्याच्या पत्त्यांत अजून त्या काळची पद्धत आहे. शून्यानं सुरू होणारे पत्ते कॉइलचे, एकनं सुरू होणारे डिजिटल इनपुटांचे, तीननं इनपुट रजिस्टरचे आणि चारनं होल्डिंग रजिस्टरचे. ४०००१ हे पहिलं होल्डिंग रजिस्टर. पण तारेवरून जाताना त्याचा नंबर शून्य असतो. काही सॉफ्टवेअर ४०००१ मागतं, काही १, काही ०. त्यामुळे वाचलेला आकडा शेजाऱ्याचा निघतो.

डेल्टा डीव्हीपीचा डी ० मॉडबसवर ४०९६ या जागी असतो, म्हणून चारच्या पद्धतीत तो ४४०९७ होतो. डी १०० म्हणजे ४४१९७. खात्री करायची युक्ती सोपी आहे. डी १०० मध्ये १२३४ असा ओळखता येणारा आकडा लिहा, डी ९९ मध्ये ११११, डी १०१ मध्ये २२२२. समोर ११११ दिसला तर एक घर मागे आहात, २२२२ दिसला तर एक घर पुढे. शून्य भरून चाचणी घेऊ नका, सगळीकडे शून्यच असतं.

बत्तीस बिटांच्या दशांश आकड्यात अजून एक अडथळा येतो. दोन वर्डांपैकी आधी कुठला, यावर दोन यंत्रांचं जमत नाही. ब्राइनचं उणे १० अंश उलट्या वर्डांनी वाचलं तर स्क्रीनवर ०.०० दिसतं, कारण अदलाबदलीनं तयार होणारा आकडा अतिशय लहान असतो. तापमान शून्यावर अडकलं, असं वाटून सेन्सर बदलायला धावू नका. एचएमआयच्या सेटिंगमध्ये वर्डांची अदलाबदल करून बघा.

मग नुसती नावं वापरली तर?

नवी मुलं मला हे विचारतातच. हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅगला ‘लादी_मोजणी’ असं नाव दिलं की जागा तेच शोधतं. ॲलन-ब्रॅडलीचा कंट्रोललॉजिक्स तर टॅगवरच चालतो. एस७-१२०० च्या ऑप्टिमाइज्ड डेटा ब्लॉकमध्येही प्रत्येक आकड्याला स्वतःची जागा मिळते आणि एकावर एक चढणं होत नाही. नव्या कामात हेच वापरा. मीही वापरतो, आणि माझ्या त्या चुकीला इथे वावच नसता.

पण वायर अजूनही आय ०.३ लाच लागते. ऑप्टिमाइज्ड ब्लॉकमध्ये ठरावीक पत्ताच नसल्यामुळे पत्त्यानं वाचणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या एचएमआयला तो ब्लॉक वाचता येत नाही, त्यासाठी ब्लॉकच्या गुणधर्मांतली ऑप्टिमाइज्डची खूण काढावी लागते. खूण काढली की बाइटांचा हिशेब परत आलाच. आणि चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत काजूच्या, आंब्याच्या पल्पच्या, बर्फाच्या कारखान्यांत जे जुने पीएलसी चालू आहेत, त्यांत नावं नाहीत, नुसते पत्ते आहेत. बऱ्याच ठिकाणी मूळ प्रोग्रॅमची शेरे असलेली प्रतही नसते. पीएलसीतून वर ओढलेला उघडा प्रोग्रॅम मिळतो, त्यात एम ११७ आणि डी ४२ एवढंच. तो माणसाच्या भाषेत आणायचा तर एक आउटपुट धरायचा, त्याची कॉइल शोधायची, क्रॉस-रेफरन्सनं मागे मागे जायचं आणि कळलेला प्रत्येक पत्ता वहीत उतरवत जायचं. लहान यंत्राला दोन-तीन दिवस लागतात. ते दिवस मालकाकडून मागून घ्या.

त्या बर्फाच्या कारखान्यात मी सगळे बिट एमबी १० च्या पट्ट्यात हलवले, मोजणी एमडब्ल्यू १०० वर नेली आणि चाचणीसाठी वॉच टेबलमधून तिच्यात २५४ लिहून काकांना तीन लाद्या काढायला सांगितल्या. ते क्रशरपासून दूर, मेन स्विचवर हात ठेवून उभे राहिले. २५५, २५६, २५७. क्रशर गप्प. मग मी ५१० लिहून पुन्हा तीन लाद्या मागितल्या, तेव्हा त्यांनी स्विचवरचा हात काढला.